मामा म्हणून कुणाला उभं करायचं, याबद्दल वन्संना

ति. वन्सं यांस,

मंगळवार पेठेतनं शालनचं डोकं तुमच्या पायावर. इथनंच ठेवलंय, कारण इचलकरंजीला येऊन ठेवलं तर तुम्ही पाय मागं घ्याल आणि माझं डोकं फरशीवर आपटंल. तुमचा गुडघा काय म्हणतोय? विजयसिंह दाजींचं बीपी? शेडातले माग चालू हाईत न्हवं? (रीत हाय म्हणून विचारलं. मला सगळं म्हाईत हाय. तुमच्या शेडातलं कापड घेऊन ख्वाजाभाईचा टेंपो कोल्हापुरात आला की तो आमच्या दारात चहा पितो आणि तुमचा गुडघा कितपत वाकतोय ते स्वतः वाकून दाखवतो.) आमच्याकडं मी बरी हाय. तुमच्या भावाचं पुढं लिवतो.

पत्र बघून तुम्हाला वाटलं असंल, चौथीतनं शाळा सोडलेल्या बाईला हे कुठलं सुचलं. मला हौस न्हाई. लिवताना हात दुखतो आणि ओळ घाट चढल्यागत वर वर जाती. पर तुम्ही आमच्या घरातले सगळे नंबर ब्लॉक केलासा. ह्यांचा केला ते समजलं, गुन्हा त्यांचा हाय. माझा कशाला? आणि आमच्या आदर्शचा कशाला? तो बिचारा पुण्यात नोकरीवर हाय, त्याला भांडण झालंय हेच मुळात ब्लॉक झाल्यावर कळलं. दाजींच्या मोबाईलवर फोन केला की दाजी 'बोला वहिनी' एवढंच म्हणत्यात आणि लगेच मागनं एखादा माग चालू झाल्यागत खडखडाट येतो. तो माग न्हवं, तुम्ही हाईसा, एवढं मला वळखतंय. म्हणून पत्र. पत्र ब्लॉक करता येत न्हाई. फाडता येतं, पर आत फोटू हाईत, तवा फाडायच्या आधी बघणारच तुम्ही.

मला गोल फिरवून बोलाय जमत न्हाई, म्हणून मुद्दा आधीच सांगतो. अनुजाच्या लग्नात मंगलाष्टका चालू असताना तिच्या पाठीशी मामा म्हणून अमरसिंहला उभं करायचं तुम्ही ठरवलंयसा असं कळलं. अमरसिंह तुमचा चुलतभाऊ, माणूस वाईट न्हाई, कपड्याला कायम इस्त्री असती. पर पोरीचा सख्खा मामा धडधाकट, दोन वेळ जेवून मंगळवार पेठेत बसलेला, आणि पाठीशी चुलत मामा, हे बघून लोक काय म्हणतील? 'कृष्णात गेला काय?' असंच विचारतील. म्हणून झालेलं सगळं पहिल्यापासनं लिवतो. तुम्हाला निम्मंच म्हाईत हाय आणि निम्म्यावरच तुम्ही एवढ्या चिडलाय. पुरतं कळलं तर एकतर आणखी चिडाल, न्हाईतर हसाल. काय पण करा, नुसतं गप्प बसू नका. (आणि एक सांगून ठेवतो. ह्या पत्रात चांगलं काम केलं असंल तिथं तो माझा नवरा हाय आणि घाण केली असंल तिथं तुमचा भाऊ हाय. त्यामुळं 'तुमचा भाऊ' जरा जास्त येईल.)

तर तुमचा भाऊ साखर कारखान्यातनं रिटायर झाला तवा आदर्शनं त्याला कॅमेरा आणून दिला. पोराला वाटलं, आईबाबा चार गावं फिरतील, देवाला जातील, एकमेकांचे फोटू काढतील. माझा एक फोटू काढला की. त्यात मी परड्यात उभी हाय आणि माझ्या डोक्यामागं तारेवर बसलेला हिरवागार वेडा राघू असा स्पष्ट आलाय की त्याच्या डोळ्याचा रंग सांगता येतो. मी धुरकट. माझ्याकडं बघून कुणालाबी वाटंल की बाई धुण्याची वाफ हाय. तवापासनं ह्यांना पाखरांचा नाद लागला. मग लांबचं दिसायचं मोठं नळकांडं आलं. ते लावल्यावर कॅमेरा असा दिसाय लागला की पन्हाळ्यावर शाळेची सहल गडावरची तोफ बघायची सोडून ह्यांच्याभोवती गोळा झाली. मग चिखलाच्या रंगाची कापडं आली, टोपी आली, अंगावर खिसेच खिसे. गल्लीतला आण्णा गवळी रोज विचारायचा की फॉरेस्टात लागलासा काय.

हे सगळं मी सोसलं. पर मग हे घरात कुजबुजायला लागले. पाखरांसमोर मोठ्यानं बोलायचं नसतं म्हणं. अहो, ज्यांची शिंक पेठेच्या ह्या टोकाला आली तर त्या टोकाला कळायची, ते माणूस माझ्या कानाशी येऊन 'शालन, चहा' असं बारीक आवाजात सांगाय लागलं. मला आधी वाटलं घसा गेला. हळद-दूध दिलं चार दिवस. ते पण मुकाट्यानं पिलं, बोलून पाखरू उडायला नको म्हणून. आणि एवढं करून फोटू काय येत होते? शेपट्या. ह्यांचं बोट आणि पाखराचं डोकं ह्यांचं काय जमतच न्हाई, बोट दाबतंय तवर पाखरू फिरलेलं असतंय. दाजीपूरच्या जंगलात गवा बघाय गेलते, गव्याची पण मागची बाजूच घेऊन आले. आमच्या सोप्यात भिंतभर नुसते जाणारे प्राणी लावलेत. येणारा एक न्हाई.

आता साखरपुडा. तुमचा राग खरा हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पर दाजी म्हणालते की चांगला फोटोवाला सांगूया, तवा तुम्हीच म्हणालासा, घरचा माणूस तोफ घेऊन हिंडतोय, बाहेरचा कशाला? आणि वर तुम्हीच माईकवरनं सांगितलासा की कुणी मोबाईल वर करायचा न्हाई, फोटूत सगळ्यांचे हात येत्यात. कुणाची छाती हाय तुमचं मोडायची? सगळ्यांनी मोबाईल खिशात घातले. म्हणजे त्या कार्यक्रमाचा सगळा भार एकट्या तुमच्या भावावर, आणि हे तुम्ही सख्खी बहीण असून केलासा. मला विचारलं असतंसा तर मी सांगितलं असतं.

सुरवातीला माझ्या नवऱ्यानं चांगलं काम केलं. गणपतीचा एक काढला, पेढ्याच्या ताटाचा एक काढला. (पेढे हलत न्हाईत, म्हणून ते चांगले आलेत.) मग व्याहीणबाई अनुजाची ओटी भराय लागल्या आणि नेमकं मांडवाच्या कडंच्या लिंबाच्या झाडात ते पाखरू आलं. पांढरंशुभ्र, डोक्याला काळा तुरा आणि हातभर लांब शेपूट. त्याचं नाव स्वर्गीय नर्तक. शुभकार्यात स्वर्गीय कशाला आलं ते त्यालाच म्हाईत. तुमच्या भावाच्या मानेला जसा काय कुणी दोरा बांधून ओढला. भटजी म्हणाले, अंगठी घालायची वेळ झाली, सगळ्यांनी फोटोवाल्याकडं बघा. बघितलं सगळ्यांनी. धैर्यशील अनुजाच्या बोटाशी अंगठी धरून उभा, तुम्ही शालू नीट करून उभ्या, व्याही पोट आत घेऊन उभे, आणि फोटोवाला तुमच्याकडं पाठ करून लिंबाकडं. दोन्हीकडची सगळी थोरमोठी माणसं एका माणसाच्या पाठीकडं बघून हसत थांबलेली, असं मी पहिल्यांदाच बघितलं. मधी सनईवाल्यानं सूर धरला तर ह्यांनी मागं हात करून त्याला गप्प केलं. व्याह्यांना वाटलं तुमच्यात अशी रीत असंल. ते हात जोडून उभे राहिले.

आणि मग तुम्हीच हौसेनं रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांना घरी बसवून फोटू टीव्हीला लावायला सांगितलासा. गणपती आला. पेढे आले. मग शेपूट आली. मग शेपूट. मग जरा डावीकडं शेपूट. धैर्यशीलची आजी, कागलकर म्हातारी, चष्मा पुसून पुढं सरकली आणि मला विचारती, "ह्यातला आमचा धैर्यशील कुठला?" वन्सं, त्या वेळी तुमचं तोंड जसं झालतं, त्याचा फोटू काढाय पायजे हुता. पर काढणार कोण?

त्याच दिवशी तुम्ही ब्लॉक केलासा. पुढचं तुम्हाला अर्धवट म्हाईत हाय ते हे. अनुजानं मैत्रिणीच्या फोनवरनं मामाला फोन केला. हल्ली लग्नाआधी नवरानवरीनं नटून डोंगरात न्हाईतर पाण्याकाठी जाऊन फोटू काढायची टूम हाय, प्रीवेडिंग म्हणत्यात. ती म्हणाली, मामा, ते फोटू तुम्हीच काढा, चांगले आले की आई गार होईल. पोरगी तुमच्यावर गेली न्हाई, एवढंच म्हणतो. मग तिनं तुम्हाला सांगितलं की ब्लाऊज टाकायला कोल्हापूरला जातो. (ब्लाऊज खरंच टाकला. बाही तुम्ही सांगितली तेवढीच ठेवलीया.) आणि ठरलं की सकाळच्या पारी कळंब्याच्या तळ्यावर जमायचं. मी पण गेलो. ह्या वेळी कॅमेऱ्याचं तोंड माणसाकडं हाय का न्हाई ते बघाय कुणीतरी पायजे हुतं.

तळं चांगलं दिसत हुतं, खोटं कशाला बोलू. पाण्यावर धुकं, पलीकडं डोंगराची निळी रेघ, बगळे एका पायावर. पर उपाशीपोटी किती वेळ बघायचं? धैर्यशील कोट घालून आलता आणि अनुजानं भाड्यानं पांढरा झगा आणलता, मागं चांगली मोठी शेपूट असलेला. म्हटलं, आता कसं, शेपटीचा माणूस हाय, निदान शेपटीचा फोटू तर फर्स्टक्लास येईल. तुमच्या भावानं कॅमेरा तीन पायाच्या घोड्यावर लावला आणि सांगितलं की समोर पाण्यात जो खुंट हाय त्याच्यावर रोज सकाळी खंड्या येऊन बसतो. खंड्या म्हणजे ते निळं, लांब चोचीचं, मासे मारणारं पाखरू. तर पुढं ही दोघं आणि मागं खंड्या, असा फोटू काढायचा. खंड्या आल्याशिवाय न्हाई. आता खंड्याला कुणी आमंत्रण दिलं न्हवतं. बसली वाट बघत. मग तुमच्या भावाला वाटलं की पांढऱ्या झग्याला पाखरू बुजतंय. म्हणून आपली ती चिखलाच्या रंगाची चादर काढली आणि दोघांवर टाकली. वन्सं, तुमची एकुलती एक लेक आणि तुमचा होणारा जावई, पाण्याच्या काठाला, एका चादरीखाली, उकिडवी. मला बघवंना. मी चादर उचलून आत थालीपीठं सरकवली. तेवढ्यात डब्याचं झाकण वाजलं आणि म्हणं आलेला खंड्या उडून पलीकडच्या काठाला गेला. एवढा वेळ ज्याचा पत्ता न्हवता तो नेमका माझ्यामुळं गेला. असू दे.

मग तुमच्या भावानं डोकं चालवलं. त्या कॅमेऱ्यात आपलं आपण थोड्या थोड्या वेळानं फोटू काढत राहायची कळ हाय. ती दाबून ठेवली, दोघांना म्हणाले हलू नका, आणि मला गाडीवर मागं घेऊन निघाले तळ्याला वळसा घालून, पलीकडनं खंड्याला हळू इकडं हाकलाय. म्हशी वळवत्यात तसं पाखरू वळवायचं. आता ह्या गाडीचं सांगाय पायजे. ही गाडी आधी आण्णा गवळ्याची. दिवाळीच्या पाडव्याला आपल्यात गवळी लोक म्हशींची शिंगं रंगवून, गोंडे बांधून त्यांना सायलेन्सर काढलेल्या गाडीमागं पळवत्यात, ते तुम्ही लहानपणापासनं बघितलंयसा. म्हैस मालकाच्या गाडीचा आवाज वळखती आणि गाडी जिकडं जाईल तिकडं सुटती. आण्णाच्या म्हशी ह्याच गाडीमागं पळून तयार झाल्यात. आण्णानं नवी गाडी घेतली, ही आम्ही घेतली. कागदावर नाव आमचं लागलं, पर म्हशींना कुणी सांगितलं न्हाई.

एरवी सायलेन्सर असतो म्हणून काय होत न्हाई. त्या दिवशी काठावरच्या दगडाला गाडी खालनं आपटली आणि सायलेन्सर गळून पडला. असा फाटका आवाज झाला की सगळे बगळे उठले. आणि समोर पाण्यात आण्णाच्या म्हशी डुंबत हुत्या. त्यातली हरणी, म्हणजे आण्णाची सगळ्यात लाडकी, हिनं मान वर केली. कान हलवले. मला तिचे डोळे दिसले वन्सं. सासरी गेलेल्या पोरीला माहेरचं कुणी बोलवाय आल्यावर असतात तसे. ती पाण्यातनं निघाली, तिच्यामागनं सगळा गोतावळा निघाला. तुमच्या भावानं आरशात बघितलं आणि गाडी दामटली. जेवढी गाडी जास्त तेवढा आवाज जास्त, जेवढा आवाज जास्त तेवढ्या म्हशी जोरात. मी मागनं पाठीत बुक्क्या घालत सांगाय लागलो, गाडी बंद करा, बंद करा. पर जन्मभर आवाज चढवलेल्या माणसाला नेमकं त्या दिवशी काय ऐकू येईना. आणि आण्णा तिकडं काठावर धोतर सावरत आनंदानं पळतोय, त्याला वाटलं हे मुद्दाम म्हशींना सराव देत्यात. तो वरडून सांगतोय, "सोडू नको कृष्णात, अशीच धर, हरणी लयीत आलीया."

वाट कुठं जात हुती? काठाकाठानं सरळ त्या चादरीकडं. धैर्यशीलनं चादरीचं टोक उचलून बघितलं तर समोरनं मामा येत्यात, मामामागं मामी, आणि मामीमागं मामीचं सगळं माहेर असल्यागत म्हशींची रांग. दुसरा कुणी असता तर एकटा पळाला असता. ह्या पोरानं काय केलं, अनुजाचा हात धरला, तिच्या झग्याची शेपूट गोळा करून टॉवेलागत स्वतःच्या गळ्यात टाकली आणि तिला घेऊन पाण्यात शिरला. एक बूट चिखलात राहिला तर मागं वळून बघितलं न्हाई. आमची गाडी चिखलात रुतली आणि बंद पडली. गाडी बंद, तशा म्हशी पण बंद. कुणाला शिंग न्हाई, खूर न्हाई, कुणाला खरचटलं पण न्हाई. हरणी शांतपणे पुढं आली आणि गाडीचा आरसा चाटाय लागली.

मग आण्णा धापा टाकत आला. जावई हाय म्हटल्यावर त्याला राहवंना. तिथंच हरणीखाली बसला, माझ्या डब्याचं झाकण मागून घेतलं आणि ताज्या धारा काढून फेसासकट धैर्यशीलपुढं धरलं, घ्या पावणं म्हणाला. गुडघ्याएवढ्या पाण्यात, एका पायात बूट, गळ्यात नवरीची शेपूट, अशा अवस्थेत त्यानं ते एका दमात पिलं आणि झाकण परत पुढं केलं. त्याच वेळी मी जावई पास केला. तुम्ही पत्रिका बघून केला असंल.

अनुजा चिखलानं भरून घरी आली ते तुम्ही बघितलासाच. दाजी हसले म्हणं आणि तुम्ही दाजींशी पण बोलायचं सोडलंसा. आणि मग म्हणालासा की असला माणूस मांडवात माझ्या पोरीच्या पाठीशी नको, अमरसिंहला सांगा. हे ख्वाजाभाईनं मला सांगितलं, आणि आमच्या घरात एकच खोली पुढं हाय, त्यामुळं ते ह्यांनी पण ऐकलं.

हे उठले. कॅमेरा पुसला, नळकांडं काढून त्याच्या डब्यात घातलं आणि सगळं माळ्यावर टाकलं. ती खिशाखिशांची कापडं धुऊन बोहारणीला द्यायला काढून ठेवली. मला वाटलं, नाटक हाय, रविवारी उतरवतील. रविवार गेला. आमच्या मागच्या दाराला जी धुण्याची तार हाय, तिच्या टोकाला एवढ्याशा शिंजिरानं घरटं बांधलंय. कोळ्याचं जाळं, कापूस, माझ्या केसाचा गुंतवळ, असं काय काय लोंबतं लावून. जांभळा चमकणारा नर दिवसभर समोर नाचतोय. पूर्वी ह्याच्यासाठी ह्या माणसानं मला चार दिवस परड्यात जाऊ दिलं नसतं. मी मुद्दाम म्हटलं, बघा तरी काय आलंय. खिडकीकडं पाठ करून बसलेले, तसेच बसून म्हणाले, "खिडकी लाव शालन. आणि माझा फोन चालू हाय का बघ, आक्कानं केला असला तर."

फोन चालूच हुता. तुमचा नंबर पुढं काढून ठेवलेला हुता. मी खिडकी लावली. 

आता फोटूंचं. ते कॅमेऱ्यातलं कार्ड मी ह्यांना न विचारता काढलं आणि पेठेतल्या स्टुडिओत जाऊन धुऊन आणलं. (आता धुवत न्हाईत म्हणं, छापत्यात. काय करत्यात ते करू देत.) आम्ही गाडीवर बोंबलत हुतो तवा घोड्यावरचा कॅमेरा आपलं काम करत हुता. सोबत पाठवलेत. एकात चादरीतनं दोन तोंडं बाहेर आलीत आणि दोघांच्या गालात थालीपीठ हाय. एकात धैर्यशीलच्या गळ्यात झगा हाय आणि दोघं पाण्यात शिरत्यात. हा नीट बघा वन्सं, चष्मा लावून बघा. मागं म्हशींची फौज आलीया, आणि तुमची पोरगी म्हशींकडं बघत न्हाई. त्याच्याकडं बघती आणि हसती. तोंडातलं शेवटचं थालीपीठ दिसतंय एवढी हसती. असा फोटू ड्रोन उडवणारा कुठला फोटोवाला काढून दाखवंल? आणि सगळ्या फोटूंत मागं खुंटावर खंड्या बसलाय, तोंड पुढं करून, देव्हाऱ्यातल्या देवागत. ह्यांनी तो अजून बघितलेला न्हाई.

एक फोटू साखरपुड्याचा पण घातलाय. त्यात शेपूट हाय, माफ करा. पर पाखरू लिंबातनं मांडवाकडं उडालं तसा कॅमेरा पण क्षणभर तुमच्याकडं वळला, आणि शेपटीच्या मागं जो हिरवा धूर दिसतोय तो तुमचा शालू हाय, आणि धुरानं डोळ्याला पदर लावलाय. अंगठी घातली तवाचा हाय. तुमचं नाक, डोळे काय आलेलं न्हाई, तरी कुणीबी वळखंल की ही पोरीची आई हाय. ठेवा जपून. त्या दिवसाचा एवढाच हाय.

आता शेवटचं, मग मी हात शेकत बसतो. मामाचं काम काय असतं हो? नवरीच्या पाठीशी उभं राहायचं. हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई, खोकला आला तरी गिळायचा, पायाला मुंग्या आल्या तरी जागा सोडायची न्हाई. वन्सं, तुमच्या भावाला ह्या एका कामाचा जेवढा सराव झालाय तेवढा अख्ख्या जिल्ह्यात कुणाला न्हाई. अमरसिंह मंगलाष्टकाच्या दुसऱ्या कडव्याला मोबाईल कानाला लावून 'बोला साहेब' म्हणत मांडवाबाहेर जाईल, आणि पोरीच्या मागं उरंल ती नुसती इस्त्रीची घडी. आणि कॅमेऱ्याची भीती असंल तर ती सोडा. तो माळ्यावर हाय, माळ्याला कुलूप हाय, किल्ली माझ्या कमरेला हाय. पाखरं त्यांनी सोडली, कायमची सोडली.

दाजींना नमस्कार सांगा, म्हणजे त्या निमित्तानं त्यांच्याशी बोलणं होईल. अनुजाला रागावू नका, तिला जेवाय घाला. बाकी तुम्ही मोठ्या हाईसा, जे कराल ते पदरात घेईन, पर तोंडानं बोलून घेईन.

तुमच्या भावाला अजून सांभाळणारी,
शालन

ता. क. फोन मला करू नका, त्यांना करा. आणि मी पत्र लिवलंय हे सांगू नका. तुमच्याच मनात आलं असं दाखवा. जमंल तुम्हाला, व्याह्यांसमोर तुम्ही किती गोड बोलता ते मी बघितलंय.

आणखी एक ता. क. 'पाखरं कायमची सोडली' असं मी वर लिवलंय ते खरं हाय, आणि तीच पंचाईत हाय. फोन केलासा की नुसतं मामा म्हणून बोलवू नका. दरडावून सांगा की कॅमेरा माळ्यावरनं काढ आणि उद्यापासनं तळ्यावर जा. तुमचं ते ऐकत्यात. मी कसं सांगू? एवढे दिवस मीच डोकं खाल्लंय की ते डबडं फेकून द्या, आता मीच म्हणायचं व्हय की काढा? अहो, हे माणूस दिवसभर घरात हाय. माझा मसाल्याचा डबा लावून ठेवला, मोहरीच्या जागी मेथ्या. कुकरच्या शिट्ट्या मोजत्यात. काल मी थापत असलेल्या भाकरीकडं बघून म्हणाले, जरा उजवीकडं वाढव. उलथनं माझ्या हाताशीच हुतं, देवानं वाचवलं. तवा तुम्हाला मामा पायजे असू दे न्हाईतर नसू दे, मला माझं स्वयंपाकघर परत पायजे. त्या शिंजिराच्या घरट्याचा मी मोबाईलवर फोटू काढाय बघितला. माझ्या नाकाचा आला. नाक स्पष्ट हाय.

शेवटचं ता. क. पाकीट डिंकानं चिकटवलं हुतं ते परत फोडलं. ख्वाजाभाई पत्र न्यायला दारात दुसरा चहा पीत थांबलाय. घरट्यातनं आवाज येतोय वन्सं, पिल्लं निघाली. भोकातनं दोन चोची बाहेर काढून नुसती वासून बसल्यात, नर-मादी दमून चालली. मी आत येऊन मोठ्यानं दोनदा सांगितलं, हे भिंतीकडं तोंड करून पडलेत. तवा पत्र हातात पडलं की त्याच हातानं फोन लावा. लग्नाला अजून महिना हाय, पर पिल्लं काय लग्नाला थांबायची न्हाईत.